शिसवाची मूठ

आबा, काल मी मोशीला लाकूडकामाचं प्रदर्शन बघायला गेले होते. या वयात तुला काय सुचतंय, असं तुम्ही म्हणणार, ठाऊक आहे मला. सूनबाईही तेच म्हणाली, फक्त जरा गोड करून. पण पेपरात जाहिरात वाचली आणि मला काही घरात बसवेना. रिक्षा केली, एकटीच गेले. मोशी म्हणजे आपल्या वेळची, इंद्रायणीचा पूल ओलांडला की लागायची ती ज्वारीच्या रानातली मोशी नव्हे हं. तिथं आता हे एवढाले मांडव, आत गारेगार हवा, आणि लाकूड कापणारी यंत्रं अशी किंचाळतात की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मला यंत्रांशी काय करायचंय? मी आपली हाताची हत्यारं शोधत हिंडत राहिले. अगदी टोकाच्या गाळ्यात दिसली शेवटी. पटाश्या, करवती, कोन बघायचे गुणे, आणि मधोमध काळ्या कापडावर मांडलेले लोखंडी रंधे. एवढी म्हातारी झाले, पण छातीत असं धडधडलं म्हणता! तिथला पोरगा हसत पुढं आला, म्हणाला, "आजी, शोकेसला ठेवायला पाहिजे का? हल्ली बरेच लोक नेतात." म्हटलं, "शोकेसमध्ये तू जाऊन बस. मला रंधा दाखव." बिचारा चपापला. त्यानं रंधा माझ्या हातात दिला आणि तिथंच, त्या सगळ्या गोंगाटात, मला तुमचा आवाज ऐकू आला. "दाबू नको. जाऊ दे त्याला." कालपासून मनातल्या मनात तुमच्याशीच बोलतेय. आज म्हटलं, लिहूनच काढावं.

आपल्या घरात मी सुताराची लेक खरी, पण माझं काम एकच होतं. धरायचं. लाकडाचं दुसरं टोक धर, मोठ्या करवतीची दुसरी मूठ धर, बैलगाडीच्या चाकावर तापलेली लोखंडी धाव चढवताना सांडस धर. भाऊ लहानपणीच गेला म्हणून हे तरी माझ्या वाट्याला आलं. आपल्या निघोजे गावातल्या निम्म्या घरांच्या चौकटी मी धरलेल्या होत्या, पण एकीवरही माझ्या हातची पटाशी चाललेली नव्हती. मी जरा हात पुढं केला की तुम्ही म्हणायचात, "तू नुस्ती धर." रागानं नाही, अगदी सहज. तेच जास्त झोंबायचं मला. खंडेनवमीला तुम्ही सगळी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडायचात. एकीकडे आजोबांची, एकीकडे तुमची, आणि मधे ती भावासाठी हौसेनं घडवून घेतलेली छोटी पटाशीसुद्धा. त्यांना हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा, ते काम माझं. पण त्या पाटावर माझं असं काहीच नसायचं. एकदा आईला म्हटलं, तर ती म्हणाली, "मंग तुझं लाटणं ठिव की!" आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. मी बरेच दिवस तिच्याशी धड बोलले नव्हते.

मग एका माघात माझं लग्न ठरलं. मुलगा चिंचवडचा, सुतारच, एका कारखान्यात सामानाची खोकी ठोकायच्या कामावर. स्थळ चांगलं होतं. मुलगाही मी खिडकीच्या फटीतून बघून घेतला होता, बरा होता. पण मला रात्रंदिवस एकच दिसत होतं. वैशाखात मी त्या घरी जाणार, आणि मग मला लाकूड धरायलासुद्धा कुणी बोलावणार नाही. चूल, पोळपाट, धुणं, संपलं. जे काय व्हायचं ते लग्नाआधीच व्हायला हवं. मला माझं स्वतःचं एक हत्यार हवं होतं, आबा. शालू नको होता, डोरलं जड नको होतं. सुताराच्या घरातून निघताना सुतार म्हणून निघायचं होतं. हे कुणाला बोलून दाखवायची सोय नव्हती. लोक म्हणाले असते, पोरगी येडी झाली. म्हणून मी गप्प राहून आतल्या आत धुमसत होते आणि भांडी जरा जोरात आपटत होते.

अशात चाकणच्या बाजारात भोंग्याची गाडी आली. आपण तिथं बैलांची जुवं विकायला नेली होती, कांद्याच्या ढिगांशेजारी बसलो होतो. भोंग्यावरचा माणूस ओरडत होता, पिंपरीला नव्या कारखान्यांजवळच्या मैदानात सुतारकामाच्या देशी-विलायती हत्यारांचं भव्य प्रदर्शन, प्रात्यक्षिकासह, सर्वांनी अगत्य येणे. तुम्ही हातातलं जू खाली ठेवलंत. तुमच्या रंध्याचं पातं झिजून झिजून नखाएवढं उरलं होतं, आणि आपल्या गावचा लोहार मेल्यापासून नवं करून देणारं कुणी राहिलं नव्हतं. "जायाचं," तुम्ही म्हणालात. मी लगेच म्हटलं, "मी पण." "तू कशापायी?" "पोतं धरायला." तुम्ही खो खो हसलात. तुम्हाला वाटलं, पोरीनं विनोद केला. मला तर कधी एकदा तो दिवस उजाडतो असं झालं होतं.

आणि पोतं तर खरंच होतं! आज हसू येतं, पण तेव्हा आपल्याला त्यात काडीचंही वावगं वाटलं नाही. हत्यार दुकानात जाऊन घ्यायचं, ही रीतच आपल्याकडे नव्हती. घरातलं जुनं लोखंड साठवायचं, लोहाराकडे न्यायचं. तो त्यातनं नवं पातं घडवून देणार, आणि उरलेलं लोखंड मेहनतीबद्दल त्याचं. लाकडाचा भाग तर दुसऱ्यानं करायचा प्रश्नच नाही. पातं लोहाराचं, मूठ आपली. दुसऱ्याच्या हाताला बेतलेली मूठ आपल्या घरात कुणी धरत नसे. आजोबांची हत्यारं तुमच्याकडे आली तेव्हा तुम्ही एकूण एक मूठ काढून आपल्या हाताची बसवली होती. तेव्हा तुमच्या लेखी प्रदर्शन म्हणजे काय, तर एक भलामोठा सरकारी लोहार. तुम्ही माळ्यावरचं सगळं खाली काढलंत. चाकाच्या धावेचे तुकडे, दात पडलेली करवत, बोथट वाकस, आजोबांची झिजून गुळगुळीत झालेली लांब कानस. आई दारात कमरेवर हात ठेवून उभी. "अवो, परदर्शनाला निगालाय का भंगारवाल्याकडं?" "तुला काय कळतंय त्यातलं?" तुम्ही म्हणालात, आणि मीही मान हलवली, हो ना, तिला काय कळतंय.

प्रदर्शनाचा दिवस, सकाळची वेळ आहे. नाशिक रस्त्यावर आपण मोटारीची वाट बघतोय. मी हिरवं लुगडं नेसलेय, केसांना जरा जास्तच तेल लागलंय. मोटार थांबते, कंडक्टर पोत्याला लाथ लावून बघतो आणि म्हणतो, "टपावर टाका हे." तुम्ही म्हणता, "टपावर तू जाऊन बस. आमचं लोखंड आमच्यासंगं ऱ्हाईल." सगळी मोटार हसते आणि पोतं आपल्या पायांशी येऊन बसतं. भोसरीला उतरून पुढं पायी. पोत्यातून काठी घालून दोघांनी दोन टोकं खांद्यावर घेतली. तुमच्या उजव्या खांद्यावर ओंडका पडला होता तेव्हापासून तो साथ देत नव्हता, म्हणून पोतं माझ्या बाजूला सरकवलेलं. पण मला ओझं वाटतच नव्हतं. वाटेत सगळं माळरान. मधेच विटांचे ढीग, मधेच अर्ध्या बांधलेल्या भिंती, एक उंच धुराडं, निर्वासितांच्या बराकींची रांग, त्यांच्या तंदुरांचा वास. मी इकडं बघ, तिकडं बघ करत होते आणि तुम्ही सारखं मागं वळून ओरडत होतात, "अगं, म्होरं बघ, ठेचकाळशील!"

दारात मात्र अडलो. कनातीच्या तोंडाशी एक खाकी कपड्यांतला पहारेकरी होता. त्यानं पोतं उघडून बघितलं. "भंगार आत न्यायचं नाही."

"भंगार कुणाला म्हन्तो रं?" तुमचा आवाज चढला. "माझ्या बापाची कानस हाय ती."

"असू दे की. पण आत कशाला?"

"हत्यार घ्यायला आलोय आमी. मंग काय मोकळ्या हातानं जायाचं?"

पहारेकऱ्यानं एकदा तुमच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. काय समजला कुणास ठाऊक. त्याला बहुतेक वाटलं, हे जुन्या हत्यारांचा नमुना मांडायला आलेले कारागीर. "असं होय! मग आधी नाही का सांगायचं?" म्हणून त्यानं आपल्याला मागच्या बाजूनं, मांडणी करणाऱ्या लोकांच्या दारानं, थेट आत सोडलं. आपण दोघं पोत्यासकट कुठं निघालो, तर व्यासपीठाच्या अगदी पुढ्यात! बाकीची माणसं दोरीपलीकडे, आणि आपण अलीकडे. तुम्ही माझ्या कानात म्हणालात, "बघितलंस का? मानपान हाय हितं सुताराला."

आणि मग ती हत्यारं! आबा, तुमचे डोळे मी असे कधी बघितले नव्हते. बोटाएवढ्या पटाशीपासून हाताएवढ्या पटाशीपर्यंत सगळ्या ओळीनं, जत्रेत भांडी मांडावीत तशा. गिरमिटं तर किती तऱ्हेची. तुम्ही हात मागं बांधून, जणू देवळात आल्यासारखे, पुटपुटत चालला होतात. "आयला... आयला... आरं तिच्या!" आई असती तर तुम्हाला रागे भरली असती. आणि व्यासपीठावर तो मुंबईचा माणूस, पाटलोणवाला, गोरागोमटा, हातात अख्खा लोखंडी रंधा. "मंडळी, यात पाचर ठोकायला नको. हा स्क्रू फिरवला की पातं वर, असा फिरवला की खाली." तो सागाच्या फळीवरून रंधा नेत होता आणि लाकडाची पातळ साल सळसळत बाहेर येत होती. मी भान हरपून बघत होते. मला तो रंधा हवा होता. इतकं कशाचं वेड आयुष्यात कधी लागलं नव्हतं आणि नंतरही लागलं नाही.

"बाबा, या, तुम्ही चालवून बघा," तो तुम्हालाच म्हणाला, कारण समोर तुम्हीच होतात. तुम्ही एक पाऊल मागं सरकलात. "न्हाई. दुसऱ्याच्या मुठीचं आमी धरत न्हाई." तो बुचकळ्यात पडला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी बघू का?" हे मी बोलले, का माझ्या अंगात कुणी शिरलं होतं, देव जाणे. दोरीपलीकडे हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "बाई, ते लाटणं न्हवं!" पुन्हा तेच लाटणं! माझे कान तापले. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही त्या हसणाऱ्यांकडे बघत होतात. मग सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, तुम्ही म्हणालात, "बघू द्या तिला. आमच्यात तीच धरती समदं."

मी पदर खोचला आणि वर चढले. रंधा थंडगार होता आणि वाटला त्यापेक्षा जड. जीव खाऊन दाबला नि ढकलला. पातं लाकडात रुतलं, रंधा जागच्या जागी थांबला आणि मी त्याच्यावरून पुढं कोसळता कोसळता राहिले. काय हसले मेले! पाटलोणवाला मात्र भला माणूस, त्यानं रंधा सरळ करून पुन्हा माझ्यापुढं ठेवला. मला रडू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात खालून तुमचा आवाज आला, हळू, फक्त माझ्यासाठी. "दाबू नको. जाऊ दे त्याला." आबा, जन्मात पहिल्यांदा तुम्ही मला 'धर' सोडून दुसरं काही सांगत होतात. मी हात सैल सोडले. पाय मागं-पुढं केले, तुमचे असायचे तसे. आणि नेला. फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात. साल निघत गेली, निघत गेली, माझ्या मनगटावरून गुंडाळत खाली लोंबायला लागली. सागाचा तो तेलकट वास! मी पुन्हा नेला. पुन्हा नेला. पाटलोणवाला "शाब्बास, शाब्बास" करत होता, आणि लोक आता हसत नव्हते, पुढं सरकून बघत होते. मी खाली उतरले तेव्हा माझे पाय जमिनीला लागत नव्हते. ती साल मी मुठीत तशीच धरून ठेवली होती.

तुम्ही मात्र एव्हाना निर्णय घेऊन टाकला होता. पोतं उचलून व्यासपीठाच्या काठावर ठेवलंत आणि म्हणालात, "ह्यो रंधा द्या आमास्नी. मूठ आमची आमी बसवू."

"यात काय आहे?" पाटलोणवाल्यानं विचारलं.

"लोखंड. समदं कसदार हाय. उरलं तर ठिवून घ्या."

त्याच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं! त्यानं हसू दाबलं, हे मी बघितलं, आणि त्याबद्दल मी त्याला मनातून आशीर्वाद दिला. तो हात जोडून म्हणाला, "बाबा, इथला माल नुसता दाखवण्यासाठी आहे हो. आम्ही नाव लिहून घेतो. जहाजातून माल आला की कळवतो. आणि जुनं लोखंड आम्ही घेत नाही." तुम्ही पोतं पुन्हा खाली घेतलंत. दुखऱ्या खांद्यानं, माझी वाट न बघता. मला संताप आला, त्या माणसाचा नाही, प्रदर्शनाचाच. द्यायचं नाही तर दाखवता कशाला, मेल्यांनो? जेवायला बोलवायचं आणि वाढलेलं ताट नुसतं बघून जा म्हणायचं!

कनातीबाहेर एका बाजूला भाता चालू होता. प्रदर्शनातल्या हत्यारांना धार लावून द्यायला एक लोहार बसवला होता, त्या बराकींतलाच, फाळणीत तिकडून आलेला, दाढीवाला, दांडगा. तुम्ही तिथं टेकलात, विडी काढलीत. त्याचं लक्ष पोत्यावर गेलं. त्यानं हात घातला आणि आजोबांची कानस बाहेर काढली. ऐरणीवर टणकन वाजवून बघितली आणि ओरडला, "ओ चाचाजी! ये तो सोना है!"

तुम्ही ताडकन उठलात. तुमचं ते हिंदी, आबा! "हमको पाता मंगताय. रंधे का. ये समदा लोखंड तुम ले लेव, पाता हमको देव." तो गडगडाटी हसला. त्यालाही बहुधा कैक दिवसांत असा सौदा कुणी केला नव्हता. "बिल्कुल सही बात," म्हणाला, आणि मला, "बेटी, भाता खींच." मी भाता ओढते आहे, ठिणग्या उडताहेत, कानस लाल होते, पिवळी होते, तो घणानं ती चपटी करतो आणि तुम्ही उकिडवे बसून "हां... हां... आता जरा हिकडं" असं मराठीत सांगताय आणि त्याला सगळं कळतंय. तेलात बुडवल्यावर चर्रकन धूर निघाला. मग त्यानं ते घासून पुन्हा हळूच तापवलं आणि पिकल्या गव्हासारखा रंग चढताच पाण्यात टाकलं. पातं तयार झालं. तुम्ही ते हातावरच्या केसांवर फिरवून बघितलंत. केस गेले. त्या लोहारानं तुम्हाला मिठी मारली आणि तुम्ही लाजलात. तेव्हा मला आई हवी होती तिथं बघायला.

परतीच्या मोटारीत पातं तुमच्या उपरण्यात गुंडाळलेलं. दर थोड्या वेळानं तुम्ही ते सोडून बघत होतात, पुन्हा गुंडाळत होतात. मी खूश होते. पण खोटं कशाला सांगू, आत कुठंतरी तोंड आंबट झालं होतं. पातं छान झालं, पण ते तुमच्या रंध्याला लागणार. माझ्याकडे काय, तर मुठीत चुरगळलेली सागाची साल. सगळ्यांपुढं मिरवले ते मिरवले, उद्यापासून पुन्हा 'नुस्ती धर'.

पण तुम्ही ते तुमच्या रंध्याला लावलं नाहीत. कोनाड्यात ठेवून दिलंत. दिवस गेले, उन्हं तापली, लग्नाच्या शेवया करायला अंगणात बायका जमल्या. मी स्वयंपाकघरात कणीक तिंबत बसलेय, कोपरापर्यंत हात भरलेत. आणि तुम्ही, बायकांच्या घोळक्यातून वाट काढत, चुलीपर्यंत आलात. तुम्ही तिथं कधी यायचा नाहीत. परातीतला एक मोठा गोळा उचललात. "अवो, अवो, काय चाललंय!" आई ओरडली. तुम्ही तिच्याकडे लक्षच दिलं नाहीत. गोळा लांबट वळून माझ्यापुढं धरलात आणि म्हणालात, "उजवा हात. मुठीत दाब. रंधा धरशील तसा."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. मी दाबला. तुम्ही बघत होतात. कणकेत माझ्या बोटांचे चार खळगे उमटले. "बास," म्हणालात. गोळा ओंजळीत घेतलात, पिलू घ्यावं तसा, आणि गेलात. आई कपाळावर हात मारून म्हणाली, "गव्हाच्या कणकीचं मातेरं केलं मानसानं." आणि मी त्या परातीत डोकं खुपसून हसले, आणि रडले, दोन्ही.

मग लग्न. रुखवत मांडलं होतं. शेवया, कुरडया, पितळी समया, मण्यांची तोरणं. आणि त्यात, मधोमध, पाटावर, हळदकुंकू लावलेला रंधा. तुम्ही जपून ठेवलेल्या शिसवाचा, काळाभोर, तेल पाजलेला, आजोबांच्या कानसीचं पातं, आणि मागं मूठ. वऱ्हाडातल्या बायका तोंडात बोटं घालून बघत होत्या. माझे सासरे हसून म्हणाले, "वा व्याही! जावयाला चांगलं हत्यार केलंत." आणि तुम्ही, मुलीचा बाप, ज्यानं त्या दिवशी सगळ्यांपुढं वाकायचं असतं, तुम्ही ताठ उभं राहून म्हणालात, "जावयाचं न्हाई. पोरीचं हाय. सुतार हाय ती."  मग माझा नवरा, मुंडावळ्या सारत, म्हणाला, "मग आम्ही धरायला आहोतच की." सगळे हसले. त्याच क्षणी तो माणूस मला आवडला, आणि जन्मभर आवडत राहिला. खरंच धरायचा हो तो. चिंचवडच्या चाळीत मी पाट केले, चौरंग केले, पाळणे केले, अख्ख्या आळीच्या पोरांच्या रांगायच्या गाड्या केल्या, आणि रविवारी तो लाकडाचं दुसरं टोक धरायचा. खंडेनवमीला माझा रंधा त्याच्या हत्यारांशेजारी बसायचा. त्याला फुलं तो वाहायचा.

तुम्ही आलात की पाणीसुद्धा नंतर. आधी रंधा मागायचात. उलटापालटा करून बघायचात, पात्याला अंगठा लावायचात, आणि विचारायचात, "मूठ बसती का गं?" मी म्हणायचे, "चपखल." तुमच्या तोंडावर जे हसू यायचं ते बघण्यासाठी मी तुमची वाट बघायचे. शेवटच्या दुखण्यात तुम्हाला धड बोलवत नव्हतं. मी उशाशी बसले होते. तुम्ही माझा उजवा हात हातात घेतलात आणि नुसती मूठ वळून दाखवलीत. मी वाकून कानात म्हटलं, "चपखल, आबा."

तर काल त्या गाळ्यातल्या पोरानं मला लोखंडी रंधा दिला आणि म्हणाला, "बघा आजी, मूठ बसते का हाताला. लहान-मोठ्या सगळ्या मापांत आहेत." मी धरला. बोटं वळली आणि अंगठ्याला जाऊन टेकली. बसली, आबा. अगदी बसली. मी तो परत काळ्या कापडावर ठेवला आणि घरी आले. हे पत्र कुठं पाठवू? निघोज्यातल्या आपल्या जागेवर आता कंपनीचं गोदाम उभं आहे. इथंच राहील हे, माझ्यापाशी. पण एक तुम्हाला सांगायचं राहिलंय. माझ्या रंध्याच्या मुठीला जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळलेलं असतं. तुम्ही यायच्या दिवशी मी ते सोडून ठेवायचे. घरच्या रितीनं मी कधीच माझी मूठ करून बसवायला हवी होती, करता येत होती मला. नाही केली. फडकं फाटलं की दुसरं गुंडाळते.

मूठ मोठी झाली होती, आबा. बोटं अंगठ्याला टेकायची नाहीत, हात निसटायचा, म्हणून ते फडकं, पकडीपुरतं. गव्हाची कणीक ओल्या फडक्याखाली, तेही वैशाखात, रात्रभर ठेवली की फुगते. चुलीपाशी बसणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं हे, लाकडाच्या माणसाला कुठून कळणार? त्या संध्याकाळी पडवीत तुम्ही तो गोळा पाटावर ठेवून झाकत होतात. मी दारात उभी होते. सांगायला म्हणून तोंड उघडलंही होतं. पण तुम्ही इतक्या जपून ते फडकं त्याच्यावर घालत होतात, पुन्हा उचलून माझी बोटं बघत होतात, पुन्हा घालत होतात. म्हटलं, फुगू दे.